नदीच्या दोन तीरांवरची एकच बाग

पुलावर पाऊल ठेवतो तेव्हा आपण जर्मनीत असतो आणि पूल उतरतो तेव्हा पोलंडमध्ये. खालून नायसे नदी वाहत असते. अलीकडच्या काठावर काळ्या-लाल-सोनेरी पट्ट्यांचा खांब, पलीकडच्या काठावर पांढरा-लाल. हे खांब दिसले नाहीत, तर आपण देश ओलांडला हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. अलीकडे जी हिरवळ तीच पलीकडे, तेच ओक, तेच बीच. इकडून निघालेली वाट नदी ओलांडून समोरच्या टेकडीवर सावकाश चढत गेलेली असते.

ही आहे मुस्काउची बाग. बर्लिनच्या आग्नेयेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, साक्सनी राज्याच्या अगदी कडेला बाड मुस्काउ नावाचे छोटेसे गाव आहे. वस्ती चार हजारांच्याही आत. ‘बाड’ म्हणजे औषधी पाण्याच्या स्नानाचे ठिकाण. या भागात जर्मनांच्या बरोबरीने सोर्ब नावाचे स्लाव लोकही शतकानुशतके राहत आले आहेत. त्यांच्या भाषेत गावाचे नाव मुझाकोव्ह. एरवी नकाशात शोधूनही सापडू नये अशा या गावाची बाग २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि तीही जर्मनी व पोलंड या दोन देशांच्या नावावर एकत्र.

ज्या माणसाने ती उभारली, त्याचे या बागेपायी घर गेले, पैसा गेला, कागदोपत्री का होईना पण संसारही मोडला. आणि त्याच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी बागेचेच दोन तुकडे झाले. तरीही आज ती एकसंध उभी आहे. कशी, त्याचीच ही गोष्ट.

गावकऱ्यांना एक पत्र

हेर्मान फॉन प्युक्लर-मुस्काउ याचा जन्म ३० ऑक्टोबर १७८५ रोजी मुस्काउच्या वाड्यातच झाला. १८११ मध्ये वडील वारले आणि विशीतल्या हेर्मानकडे जहागीर आली. गावे होती, अफाट जंगल होते, तुरटीची खाण होती. तरुण संस्थानिक मात्र खर्चिक, हौशी आणि धाडसी. बर्लिनच्या रस्त्यावरून त्याने घोड्यांऐवजी पांढरी हरणे जुंपलेली गाडी हाकली होती, असे अजूनही सांगतात.

नेपोलियनविरुद्धचे युद्ध संपत आले तेव्हा तो इंग्लंडला गेला. तिथल्या बागा पाहून त्याचे डोळेच दिपले. तोवर युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या बागा फ्रेंच पद्धतीच्या असत. सरळ रेषेतले रस्ते, कात्रीने कापलेली झुडपे, फूटपट्टीने आखल्यासारखी तळी. इंग्रजांनी हे सगळे झुगारून दिले होते. त्यांच्या बागेत वळणे घेणारे पाणी, चढउताराची कुरणे आणि मधूनच झाडांचे पुंजके असत. जणू निसर्गानेच सारे मांडून ठेवले आहे! हम्फ्री रेप्टन या प्रसिद्ध उद्यानकाराच्या कामाचा प्युक्लरवर खोल ठसा उमटला.

परत आल्यावर १ मे १८१५ रोजी त्याने मुस्काउच्या नागरिकांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले. आपण इथे मोठी बाग उभारणार आहोत, त्यासाठी नदीकाठच्या जमिनी आपल्याला विकत द्याव्यात, अशी त्यात मागणी होती. जमिनी मिळाल्या नाहीत, तर आपण मुस्काउ सोडून दुसरीकडे राहायला जाऊ, अशी गोड शब्दांतली धमकीही होती. आणि त्याबरोबरच एक आश्वासन होते : ही बाग गावकऱ्यांनाही खुली राहील.

हे पत्र म्हणजेच बागेचा जन्मदाखला. संस्थानिकाने आपल्या प्रजेकडे जमीन मागावी, तिची किंमत मोजावी आणि बदल्यात बागेत फिरण्याचा हक्क द्यावा, ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. अर्थात सगळे काही सुरळीत झाले नाही. कित्येकांनी खळखळ केली, वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या. वाड्याला लागून असलेली घरांची एक अख्खी आळीच त्याला विकत घेऊन पाडावी लागली.

न दिसणारी कारागिरी

जागा तरी कशी होती? रेताड जमीन, खुरटे पाइन आणि मधून वाहणारी नायसे. अशा जमिनीवर ओक-बीचची सावली उभी करायची म्हणजे आधी मातीच करायला हवी. गाड्या भरभरून माती आली. पण झाडे मोठी व्हायला पन्नास वर्षे थांबण्याइतका धीर प्युक्लरपाशी नव्हता. मग पूर्ण वाढलेली झाडे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट खणून काढायची, खास गाड्यांवर आडवी घालायची आणि नव्या जागी रोवायची, असा उद्योग सुरू झाला. याकोब हाइनरिष रेडर हा त्याचा माळी यात उजवा हात होता.

पाण्याचे कामही तसेच. नायसे वाड्यापासून जरा लांबून वाहत होती. प्युक्लरने तिचा एक फाटा कापून बागेत आणला. हा फाटा वाड्याच्या अंगणापर्यंत येतो, तळ्यांत विसावतो, एका ठिकाणी खडकांवरून धबधब्यासारखा कोसळतो आणि पुढे पुन्हा नदीला मिळतो. त्याला ‘हेर्मानची नायसे’ असेच नाव पडले. आज तिथे उभे राहिले, तर हा ओढा माणसाने खणला आहे हे सांगूनही पटत नाही.

बागेची रचना समजून घ्यायची, तर वाड्यापासून सुरुवात करावी. वाड्याच्या अगदी जवळ फुलबागा आहेत. घरातल्या दिवाणखान्याचेच पुढचे दालन वाटावे इतक्या नीटनेटक्या आणि रंगीत. त्यांच्या पलीकडे बारीक कापलेली हिरवळ, शोभेची झुडपे, छोटे पूल. आणि त्याच्याही पलीकडे खरी बाग. तिथे फुलांचे ताटवे नाहीत, पुतळ्यांची गर्दी नाही. फक्त कुरणे, पाणी, आकाश आणि झाडे. घराकडून निसर्गाकडे जाताना माणसाचा हात पायरीपायरीने दिसेनासा होत जातो.

झाडे लावण्याचीही एक रीत होती. ती ओळीत लावायची नाहीत. कुठे दाट राई, कुठे तिघाचौघांचा पुंजका, कुठे कुरणाच्या मधोमध एकटाच ओक. गडद झाडीच्या दोन भिंतींमधून लांबवरचे दृश्य दिसावे, म्हणजे ते चौकटीत बसवलेल्या चित्रासारखे भासते. वाटेला वळण द्यायचे ते उगाच नाही. समोर एखादे जुने झाड, उंचवटा किंवा पाणी आले तरच ती वळेल. चालणाऱ्याला वाटावे की आपण मनाला येईल तिकडे भटकतो आहोत. प्रत्यक्षात मात्र त्याला कुठे थांबवायचे आणि कुठे अचानक दृश्य उघडून दाखवायचे, हे उद्यानकाराने आधीच ठरवून ठेवलेले असते.

यातली सर्वांत मोठी दृश्ये नदीच्या आरपार जाणारी आहेत. वाडा आणि गाव पश्चिम काठावर आहेत, तर पूर्व काठावर उंच टेकड्या. वाड्याच्या खिडकीतून नजर हिरवळीवरून, पाण्यावरून, नदी ओलांडून समोरच्या टेकडीवर चढते. आणि टेकडीवर गेले की तिथून वाडा, गाव, चर्चचा मनोरा असे सगळे खाली पसरलेले दिसते. एक काठ दुसऱ्याला पाहण्यासाठीच केलेला आहे. नदी ही बागेची कड नव्हेच, ती बागेचा कणा आहे. पुढची हकिकत वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

प्युक्लरने हे सारे आपल्या १८३४ च्या ग्रंथात मांडले. त्यात बागेतल्या तीन गाडीफेऱ्यांचे सविस्तर वर्णन आहे. बाग हे कधीच पुरे न होणारे चित्र आहे, असे तो मानत असे. झाडे वाढत राहतात, दृश्ये बुजत जातात. म्हणून माळ्याच्या एका हातात फावडे असले, तर दुसऱ्या हातात कुऱ्हाड हवी.

बागेसाठी काडीमोड

१८१७ मध्ये प्युक्लरचे लग्न झाले. वधू लुसी ही प्रशियाच्या पंतप्रधानाची, हार्डेनबर्गची मुलगी. ती घटस्फोटित होती आणि नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सासऱ्याकडून घबाड मिळेल ही आशा फोल ठरली, पण पतिपत्नींचे सूर मात्र जुळले. बागेचे वेड दोघांनाही सारखेच. तो लाडाने तिला ‘श्नुके’ म्हणे. एका जातीच्या मेंढीचे हे नाव! गावात औषधी पाण्याचे स्नानगृह १८२३ मध्ये सुरू झाले. त्यातून चार पैसे येतील असे वाटले होते, पण खर्चापुढे ते कुठले पुरायला?

कर्जाचा डोंगर झाला तेव्हा लुसीनेच एक तोड सुचवली. ऐकूनही खरी वाटू नये अशी. आपण काडीमोड घेऊ. तुम्ही इंग्लंडला जा आणि एखाद्या श्रीमंत घरची मुलगी करून आणा. तिच्या हुंड्यात बाग वाचेल!

१८२६ मध्ये खरोखरच काडीमोड झाला आणि चाळिशीतले संस्थानिक वधूसंशोधनाला निघाले. दोन वर्षांहून अधिक काळ ते इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये हिंडले. मेजवान्या झाल्या, नाच झाले, ओळखी झाल्या. पण पाहुणे कशासाठी आले आहेत याची कुणकुण लागायला वेळ लागला नाही. कुठल्याच बापाने मुलगी दिली नाही. १८२९ मध्ये नवरदेव हात हलवत परतले.

हात हलवत म्हणायचे तरी कसे? या काळात ते लुसीला नियमित लांबलचक पत्रे लिहीत होते. इंग्रजांच्या चालीरीती, बागा, कारखाने, नाटके, फजित्या असे सगळे त्यांत होते. लुसीने ती पत्रे जपून ठेवली. लेखकाचे नाव न घालता १८३० पासून ती पुस्तकरूपाने निघाली. खुद्द गटेने त्यांची वाखाणणी केली, इंग्रजी भाषांतर झाले आणि पुस्तक धडाक्याने खपले. श्रीमंत वधूने जे द्यायचे होते, त्यातले थोडेसे तरी टाकून दिलेल्या बायकोला लिहिलेल्या पत्रांनी मिळवून दिले! आणि काडीमोड होऊनही ती दोघे पुढे एकत्रच राहिली.

एक काळी बाजू

प्युक्लरचे गुण गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. १८३४ ते १८४० अशी सहा वर्षे तो उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात हिंडत होता. इजिप्तच्या प्रवासात १८३७ मध्ये त्याने गुलामांच्या बाजारातून इथिओपियाकडची एक लहान मुलगी विकत घेतली. मखबूबा हे तिचे नाव, म्हणजे लाडकी. त्याने तिला प्रवासभर बरोबर ठेवले आणि शेवटी मुस्काउला आणले. ती क्षयाने खंगली होती. इथे पोचल्यावर थोड्याच आठवड्यांत, ऑक्टोबर १८४० मध्ये, ती मरण पावली. तिचे वय जेमतेम पंधरा-सोळा असावे. तिची कबर आजही मुस्काउमध्ये आहे. गावकऱ्यांना बाग खुली करणारा माणूस एका पोरीचा मात्र मालक होता, हेही या जागेच्या इतिहासातच येते.

बाग विकावी लागली

पुस्तकांच्या पैशाने कर्ज फिटणारे नव्हते. १८४५ मध्ये, तीस वर्षांच्या खटाटोपानंतर, प्युक्लरने मुस्काउ विकले. पूर्वेकडच्या टेकडीवर ‘चिकाटीचे मंदिर’ बांधायचे त्याच्या मनात होते. ते बांधायचे राहूनच गेले.

साठीला टेकलेला हा माणूस आपल्या दुसऱ्या वडिलोपार्जित जागेत, कॉटबुस शहराजवळ ब्रानिट्सला राहायला गेला. तिथे सपाट, रुक्ष माळ होता. त्याने पुन्हा फावडी मागवली! त्या माळावर दुसरी बाग उभी राहिली, तळ्यात मातीचा पिरॅमिड उभा राहिला. १८७१ मध्ये प्युक्लर वारला तेव्हा त्याला त्याच पिरॅमिडमध्ये पुरण्यात आले. १८५४ मध्ये वारलेल्या लुसीचे अवशेषही पुढे तिथेच आणले गेले.

सामान्य जर्मन माणसाला मात्र प्युक्लर हे नाव बागेआधी आठवते ते जिभेवरून. तीन रंगांचे थर असलेल्या आइस्क्रीमला तिकडे ‘फ्युर्स्ट प्युक्लर’ म्हणतात. प्रशियाच्या राजवाड्यातल्या एका स्वयंपाक्याने १८३९ मध्ये आपल्या पुस्तकातली ही पाककृती त्याला अर्पण केली होती.

मुस्काउचे नशीब मात्र चांगले. १८४६ मध्ये बाग नेदरलँड्सच्या राजपुत्र फ्रेडरिककडे गेली. त्याच्यापाशी पैसा होता आणि समजही. रेडर वारल्यावर, १८५२ मध्ये त्याने एडुआर्ड पेट्झोल्डला नेमले. हा इथेच रेडरच्या हाताखाली शिकलेला. त्याने मूळ आराखडा मोडला नाही, उलट पुढे नेला. १८८३ मध्ये बाग फॉन आर्निम घराण्याकडे आली. १९०१ मध्ये ‘चिकाटीच्या मंदिरा’च्या नियोजित जागी प्युक्लरच्या स्मरणार्थ एक मोठी शिळा बसवण्यात आली. तोवर या बागेची कीर्ती अमेरिकेपर्यंत पोचली होती. बॉस्टनचे उद्यानकार चार्ल्स इलियट ती पाहून गेले होते. पुढे १९१७ मध्ये प्युक्लरच्या ग्रंथाचे भाषांतरही तिकडे निघाले.

कण्यावरच घाव

१९४५ मध्ये सोव्हिएत फौजा नायसेच्या काठाला भिडल्या. नदी हीच आघाडी झाली. तोफा धडाडल्या, नदीवरचे पूल कोसळले, झाडे छिन्नभिन्न झाली. युद्ध संपता संपता वाडाही जळाला.

त्याहून मोठा घाव नंतर बसला. विजेत्या राष्ट्रांनी जर्मनी व पोलंड यांची नवी सीमा ओडर आणि नायसे या नद्यांवरून आखली. मुस्काउची बाग नेमकी मधोमध चिरली गेली. वाडा आणि गाव पूर्व जर्मनीत, टेकड्या आणि बागेचा मोठा भाग पोलंडमध्ये. पूर्व काठावरच्या जर्मनांना घरदार सोडावे लागले. त्यांच्या जागी पोलिश कुटुंबे आली, त्यांतली कित्येक स्वतःच आणखी पूर्वेकडून उखडली गेलेली. पलीकडच्या गावाचे नाव झाले वेंक्नीत्सा. या नव्या लोकांना एका जर्मन सरदाराच्या बागेशी काय देणेघेणे?

जर्मनीच्या बाजूला गावकऱ्यांनी आणि माळ्यांनी जमेल तशी निगा राखली. जुना वाडा पुन्हा बांधला, नवा वाडा मात्र पडक्या भिंतींचा सांगाडा होऊन राहिला. पलीकडे रान माजले. आपोआप रुजलेल्या झाडांनी कुरणे भरून टाकली, वाटा बुजल्या. दोन्ही देश एकमेकांना भाऊ म्हणवीत होते, पण बागेतले पूल काही पुन्हा उभे राहिले नाहीत. वाड्याकडून पाहिले की नदीपलीकडे दिसे ती फक्त झाडांची हिरवी भिंत. जी दृश्ये दाखवण्यासाठी बागेचा जन्म झाला होता, तीच नाहीशी झाली होती.

कुऱ्हाडीने सांधलेली बाग

१९८८-८९ च्या सुमारास दोन्ही देशांतले तज्ज्ञ एकत्र बसले. तेव्हा पूर्व जर्मनी अजून अस्तित्वात होता. जुने नकाशे, प्युक्लरच्या ग्रंथातली चित्रे आणि जमिनीवरच्या खुणा पडताळून पाहण्यात आल्या. मग पोलंडच्या बाजूला रानातून एकेक दृश्यरेषा मोकळी करायला सुरुवात झाली. लावलेले झाड कोणते आणि माजलेले कोणते हे ओळखायचे आणि माजलेले तेवढे काढायचे. जसजशी झाडी विरळ होत गेली, तसतशी मागची जुनी बाग दिसू लागली. दीडशे वर्षांपूर्वी लावलेले ओक जागच्या जागी उभेच होते! नकाशावरची रेघ त्यांना कुणी सांगितली नव्हती.

जर्मनीच्या बाजूला १९९३ मध्ये बागेसाठी सरकारी न्यास स्थापन झाला. जळालेला नवा वाडा पुन्हा बांधायला घेतला. त्या कामाला जवळजवळ वीस वर्षे लागली. आज त्याच्या लालसर भिंती पुन्हा तळ्याच्या पाण्यात पडतात. आत प्युक्लरच्या आयुष्यावर प्रदर्शन आहे, मनोऱ्यावर चढून सारी बाग पाहता येते.

२००३ मध्ये नदीवरचा जोडपूल पुन्हा उभा राहिला. पुढच्याच वर्षी, मे २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि जुलैमध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. यादीत नोंदलेले क्षेत्र ३४८ हेक्टर, म्हणजे सुमारे ८६० एकर आहे. त्यातले १३६ हेक्टर जर्मनीत आणि २१२ हेक्टर पोलंडमध्ये. डिसेंबर २००७ मध्ये सीमेवरची पासपोर्ट तपासणीही थांबली. २०११ मध्ये ‘इंग्लिश पूल’ नावाचा दुसरा पूल बांधून झाला.

सगळे कायमचे सुटले असे मात्र नाही. बेकायदा स्थलांतराच्या प्रश्नावरून जर्मनीने २०२३ मध्ये आणि पोलंडने २०२५ मध्ये या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली. तेव्हा आपल्यापैकी कुणी तिकडे गेलेच, तर खिशात पासपोर्ट आणि व्हिसा असू द्यावा. बर्लिनहून कॉटबुसमार्गे रेल्वेने वाइसवासरपर्यंत जाता येते. तिथून मुस्काउ सात-आठ किलोमीटर. हंगामात त्या मार्गावर जंगलातून धावणारी छोटी, अरुंद रुळांची गाडी असते, ती मुलांना फार आवडेल. बागेत शिरायला तिकीट नाही. १८१५ चा शब्द अजून पाळला जातो आहे.

जोडपूल ओलांडून पोलंडच्या टेकडीवर चढावे आणि त्या स्मारकशिळेपाशी बसावे. ‘चिकाटीचे मंदिर’ इथेच व्हायचे होते. समोर उतरत गेलेले कुरण, खाली नदी, पलीकडे तळ्याकाठचा वाडा. मधल्या काळात कितीतरी मालक झाले, राज्ये बुडाली, सीमा सरकली. पण एका काठाने दुसऱ्याकडे पाहावे, म्हणून आखलेली ही रेषा आता पुन्हा मोकळी आहे. माळी दोन्ही काठांवर अजूनही दरवर्षी नवी रोपे छाटून ती मोकळी ठेवत असतात.